बेसमेंटमधली सवाष्ण

ब्रायरफील्डच्या मराठी मंडळात नवा माणूस दिसला की त्याची चौकशी करायला आम्हाला एक बटाटेवडा संपेपर्यंतचा वेळ पुरतो. गाव कुठलं, कॉलेज कुठलं, कंपनी कोणती, एच-वन की ग्रीन कार्ड, आणि अर्ज केला असेल तर तो कुठवर आलाय. एवढं कळलं की माणूस आपापल्या खणात जाऊन बसतो आणि आम्ही दुसऱ्या वड्याकडे वळतो. यातून सूट फक्त साठीच्या पुढच्या बायकांना. त्या कुणाच्या तरी आई असतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या असतात, नातवंडाच्या मालिशपासून मुरांब्यापर्यंत सगळं बघतात आणि बर्फ पडायच्या आत परत जातात. त्यांना वाकून नमस्कार करायचा, अमेरिका कशी वाटली एवढं विचारायचं आणि खुर्ची द्यायची.

मीनाक्षीकाकू अशा सहा वर्षं कुणाच्या तरी आई होत्या.

गिरीशला वाटायचं, त्या रेखाच्या मावशी. रेखाला वाटायचं, त्या शंतनूच्या आई. शंतनूची आई एका उन्हाळ्यात खरोखरच आली, काकूंच्या शेजारी बसून मंडळाच्या जेवणासाठी कोबी चिरून गेली, तरी रेखाच्या डोक्यातली नोंद काही बदलली नाही. तिने दोघींना शंतनूच्याच खात्यावर टाकलं, एक आई आणि एक सासू. शंतनूला वाटायचं, त्या आईच्या कुणीतरी मैत्रीण. काकू स्वतः कधी खोटं बोलल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खरं काय ते फक्त अहिल्येला माहीत होतं. काकू कराडकडच्या. २००१ साली एका कुटुंबाने त्यांना बाळ सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर आणलं. त्या घरातल्या नवऱ्याच्या त्या लांबच्या आत्या लागत होत्या. वर्षाच्या आत त्याची नोकरी गेली, दुसरी टेक्सासात फ्रिस्कोला मिळाली, आणि आधी घर बघतो, मग तुम्हाला बोलावतो, असं सांगून ते कुटुंब गेलं. घर त्यांना मिळालं असावं. बोलावणं आलं नाही. तोवर काकूंची मुदत टळून गेली होती, आणि परत जावं तर तिकडे त्यांच्या वाट्याची खोली धाकट्या दिराने मधली भिंत पाडून आपल्यात घेतली होती. नवरा होता. कुठे होता ते त्यांना नक्की सांगता येत नसे, पण होता, म्हणून कपाळावर कुंकू होतं. एडिसनमध्ये एका गुजराती कुटुंबाच्या घरात त्या एका खोलीत राहायच्या आणि दिवसा आमची पोरं सांभाळायच्या. रोज वेगळ्या घराच्या आई.

अहिल्या म्हणजे उल्हास पाटणकरची बायको. नागपूरची, हाताला तिखट आणि बोलायला त्याहून थोडी कमी. आणि उल्हास म्हणजे आमच्या मंडळाचा कायमचा खजिनदार, शिवाय ब्रायरफील्ड टाउनशिपच्या कौन्सिलवर निवडून आलेला पहिला भारतीय. त्याच्या निवडणुकीत आम्ही सगळ्यांनी लॉनवर त्याच्या नावाच्या पाट्या रोवल्या होत्या; ज्यांना मताचा हक्क नव्हता त्यांनी दोन-दोन. माणूस चोख. गणपतीच्या जेवणात पुऱ्या उरल्या तर त्याला वाईट वाटायचं, कमी पडल्या तर त्याहून वाईट. बरोब्बर पुरल्या की मग तो स्वतः जेवायला बसायचा.

त्याच्या घराचं बेसमेंट त्याने आईसाठी बांधून घेतलं होतं. म्हातारीला जिने चढवत नव्हते, म्हणून खालीच एक खोली, न्हाणीघर, छोटा ओटा, आणि परसात उघडणारं वेगळं दार. मुंबईच्या कौन्सुलेटने तिचा व्हिसा दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा अर्ज करायच्या आधी ती तिकडे पुण्यातच वारली. तेव्हापासून उल्हास बेसमेंटमध्ये उतरला नव्हता. हीटरवाला आला तरी अहिल्याच खाली जायची.

आता गावाचं. आमच्या गावात एक जुना ठराव होता. रस्त्यात अडवलेल्या, तक्रार घेऊन आलेल्या किंवा अपघात पाहिलेल्या माणसाला पोलिसांनी त्याच्या इमिग्रेशनच्या कागदांबद्दल विचारायचं नाही. गुन्हा केला असेल तर गोष्ट वेगळी. पोलीस चीफनेच तो ठराव मागून घेतला होता. लोक घाबरले की साक्षीला कुणी पुढे येत नाही, इतकं साधं कारण. असा ठराव आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं, कारण आमच्या सगळ्यांचे कागद धड होते.

२००७च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वॉशिंग्टनमध्ये सूर निघाला की ज्या गावांचे पोलीस फेडरल खात्याला असं सहकार्य नाकारतात, त्यांचा होमलँड सिक्युरिटीचा निधी अडवावा. कायदा काही झाला नव्हता. पण ब्रायरफील्डने त्याच निधीतून नवे रेडिओ मागितले होते. पोलीस, फायर आणि अँब्युलन्स यांचे जुने रेडिओ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि रेल्वेपुलाच्या पलीकडे गेलं की कुणाशीच बोलत नव्हते. कौन्सिलवर पाच जण. दोघे म्हणाले ठराव राहू द्या, दोघे म्हणाले काढून टाका. राहिला उल्हास.

सभेला आम्ही बरेच जण गेलो होतो. आपला माणूस बोलणार म्हणून बायकांनी साड्या नेसल्या होत्या. उल्हास चांगलं बोलला. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं उभे होतो ते त्याने सांगितलं. त्या रांगेत मागून घुसणाऱ्यांसाठी गावाने अँब्युलन्स का धोक्यात घालावी, असं विचारलं. आणि शेवटी कागद खाली ठेवून म्हणाला, "माझ्या आईला याच देशाने दोनदा नको म्हटलं. मी कुणाशी भांडलो नाही. नियम म्हणजे नियम, असं मी तिच्या तेराव्यालाही म्हटलं."

सभागृहात टाळ्या पडल्या. आमच्याही. जुना ठराव तीन विरुद्ध दोनने रद्द झाला.

मीनाक्षीकाकू ती सभा रेखाच्या घरी लोकल केबलवर बघत होत्या, मांडीवर रेखाचा धाकटा. उल्हासभाऊ काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. रेखा म्हणाली, गावाला नवे रेडिओ मिळणार. बरं झालं, असं म्हणून काकू मुलाला वरणभात भरवायला लागल्या.

जुलैमध्ये देशी किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये एका गाडीने दुसरीचा बंपर चेपला. काकू स्ट्रोलर घेऊन शेजारून चालल्या होत्या. आमच्या गावात पायी चालणारं माणूस एकच, त्यामुळे साक्षीदारही एकच. आलेला पोलीस म्हणजे पोरगाच होता आणि फार सभ्य. त्याने आधी स्ट्रोलर उचलून फुटपाथवर ठेवली. मग नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि नव्या पद्धतीप्रमाणे आयडी मागितलं. काकू म्हणाल्या, "होम." तो म्हणाला, हरकत नाही, सवडीने घेऊन या, आणि आपलं कार्ड दिलं.

ते कार्ड हातात घट्ट धरून काकू त्या संध्याकाळी अहिल्येच्या दारात उभ्या राहिल्या. उल्हास ऑफिसच्या कामाने बॉस्टनकडे गेला होता, श्रूजबरीला मित्राकडे उतरला होता. अहिल्येने फार विचार केला नाही. एडिसनचा पत्ता पोलिसाच्या वहीत गेला होता, तिथे जाऊन उपयोग नव्हता. खाली खोली रिकामी होती, कॉटवर चादरसुद्धा घातलेली होती. आणि ज्याने ठराव काढून टाकला त्याच्या घरात बघायला कोण येणार? नवरा हिशेबात पक्का असला तरी या घरात हिशेब चालायचा तो अहिल्येचा.

इकडे मंडळात फोनाफोनी सुरू झाली. रेखाने शंतनूला फोन केला, तुझ्या आईला उद्या वेळ आहे का. शंतनू म्हणाला, आई पुण्यात आहे. मग मीनाक्षीकाकू? त्या तुमच्या ना? आमच्या कशा, त्या आईच्या मैत्रीण, गिरीशकडच्या. गिरीश म्हणाला, यार, रेखाच्या मावशी गेल्या वाटतं परत, सांगितलं पण नाही. असं ते नाव या घरातून त्या घरात फिरलं आणि कुठेच टेकलं नाही. कुणीतरी मंडळाचे जुने फोटो काढले. प्रत्येक गणपतीच्या फोटोत काकू होत्या, कडेला, कडेवर कुणाचं तरी मूल. मूल प्रत्येक वर्षी वेगळं. चेहरा मात्र एकाही फोटोत नीट आलेला नाही. दर वेळी त्या मुलाकडे बघत होत्या. आमच्या पोरांना झोपवणारी, न्हाऊ घालणारी बाई सहा वर्षं आमच्यात होती आणि ती कुणाचीच नव्हती, हे कळल्यावर दोन दिवस कुणी कुणाला फोन केला नाही. नंतर जो तो म्हणायला लागला की मला आधीपासूनच शंका होती.

उल्हासला हे सगळं उडत उडत कळलं. तो एवढंच म्हणाला की गेल्या असतील परत, बरंच झालं. आणि त्याच आठवड्यात त्याला खालून पावलं ऐकू आली.

शुक्रवारी तो घरून काम करायचा. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, अहिल्या लायब्ररीच्या कामावर, मुलगी कादंबरी शेजारी मैत्रिणीकडे. इथल्या घरांत गरम-गार हवेचे पत्र्याचे बोळ भिंतीभिंतींतून फिरतात. वरचं बोलणं खाली जातं आणि खालचं खोकणं वर येतं. उल्हास कॉन्फरन्स कॉलवर होता. टेबलाखालच्या जाळीतून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, तोंडावर पदर धरून खोकल्यासारखा. मग पावलं. एक पाऊल टेकलेलं, दुसरं जरासं ओढलेलं.

त्याची आई डावा पाय ओढायची.

त्याने कॉल म्यूट केला आणि बराच वेळ जाळीकडे बघत बसला. पलीकडे कुणीतरी तीनदा विचारलं, उल्हास, आर यू देअर? संध्याकाळी त्याने अहिल्येला सांगितलं की हीटर आवाज करतोय. अहिल्या म्हणाली, जुना झालाय. जुलैत हीटर कशाला चालू असेल, हे त्याने विचारलं नाही. एरवी त्याने वीजबिल काढून दाखवलं असतं.

मग घरात गोष्टी बदलत गेल्या. जेवणात भाकरी आली. अहिल्येला भाकरी थापता येत नव्हती, आयुष्यात कधी आली नव्हती. लग्नानंतर एकदा केली होती ती उल्हासने आईला फोन करून वर्णन करून सांगितली होती. आणि आता ताटात पातळ, फुगलेली, कडेला एकही चीर नसलेली भाकरी.

"छान जमायला लागली," तो म्हणाला.

"प्रॅक्टिस," अहिल्या म्हणाली.

कादंबरीने मान खाली घालून दुसरी घेतली.

दिवेलागणीला खालून पुटपुटणं यायचं, शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. कपडे वाळवायच्या मशीनमधून कापराचा वास यायचा. तांदळाची पिशवी महिन्याच्या आत तळाला गेली. हे सगळं एखाद्या भोळ्या माणसाच्या घरात झालं असतं तर भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या असत्या. उल्हास भोळा नव्हता. जुलै संपायच्या आत त्याचा हिशेब लागला होता: घरात माणसं तीन आणि जेवणारी चार. चौथं माणूस कोण, तेही त्याला कळलं होतं. मंडळातून गायब झालेली बाई एकच होती.

पण कळणं वेगळं आणि विचारणं वेगळं. अहिल्येला विचारलं की ती खरं सांगणार, तिला दुसरं येत नाही. तिने सांगितलं की कौन्सिलमन म्हणून त्याला काहीतरी करावं लागणार, निदान न केल्याचं ओझं घ्यावं लागणार. आणि तिसरी गोष्ट अशी की खाली आई नाही, हे नक्की होणार. तो विचारत नव्हता तोवर खोलीत कोण आहे हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे सगळ्या गावाच्या पोलिसांना विचारायला लावणारा हा माणूस स्वतःच्या घरात तोंड मिटून राहिला. फोनवर मोठ्याने बोलणं त्याने बंद केलं. रात्री टीव्हीचा आवाज कमी ठेवायला लागला. एकदा कादंबरीने बघितलं, तो जाळीपाशी वाकून तिची पट्टी अर्धी मिटत होता.

"व्हॉट आर यू डुइंग, बाबा?"

"खाली फार गार होत असेल," तो म्हणाला, आणि मग बोललो काय हे लक्षात येऊन त्याने घाईघाईने जोडलं, "पाइप फुटतात."

कादंबरीने हे आईला सांगितलं. अहिल्या हसली नाही. आणखी एक पांघरूण घेऊन खाली गेली.

सप्टेंबरमध्ये गणपती आले आणि मागोमाग गौरी. अहिल्येच्या घरी गौरीजेवण वार बघून हलवत नाहीत. त्या दिवशी बुधवार होता तर बुधवारी. आणि सवाष्ण जेवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. आम्हाला तिने सांगितलं की या वर्षी सवाष्ण मिळाली नाही, घरच्या घरीच करते. आम्हाला ते जरा विचित्र वाटलं. गावात सवाष्णींचा काय तुटवडा? पण बुधवारी सुट्टी कोण टाकणार, म्हणून आम्हीही सुटलो.

त्याच दिवशी दुपारी टाउनशिपच्या इमारतीसमोर नव्या रेडिओंचा कार्यक्रम होता. फोटो, हस्तांदोलन, कागदी कपात कॉफी. उल्हासची गाडी सर्व्हिसिंगला होती. चीफ म्हणाला, मी सोडतो. वाटेत उल्हासने काचेबाहेर बघत, सहज आठवल्यासारखं विचारलं, की जुलैत देशी किराणा दुकानापाशी अपघात झाला होता, त्यात आमच्यातली कुणी म्हातारी साक्षीदार होती म्हणे.

चीफला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, अच्छा, तो बंपर. दोघांनी इन्शुरन्सवर मिटवलं, ऑगस्टमध्येच. साक्षीदाराची गरजच पडली नाही.

"मग तिचं नाव?"

"फाइलमध्ये असेल. तिला कोण शोधणार?"

उल्हासने आणखी एकदा विचारून घेतलं. कुठे पुढे पाठवलं नाही ना? चीफ म्हणाला, पाठवण्यासारखं त्यात होतं काय. दोन महिने ती बाई कुणाला घाबरून खाली बसली होती, तर कुणालाच नाही. आज गौरी. सवाष्णीने तळघरात का जेवायचं? वर यावं, पाटावर बसावं, सगळ्यांसमोर जेवावं. तो स्वतः जाऊन सांगणार होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला खोलीत कोण आहे याची भीती वाटली नाही.

चीफने गाडी ड्राइव्हवेत आणून उभी केली. बेसमेंटला जमिनीलगत एक बुटकी खिडकी आहे. तिच्यातून बाहेरचं आकाश दिसत नाही, गाड्यांची चाकं दिसतात, आणि पोलिसांच्या गाडीच्या दारावर खालच्या अर्ध्यात काय लिहिलंय ते दिसतं.

उल्हासने गॅरेज उघडलं. गॅरेजमधून एक दार स्वयंपाकघरात जातं आणि एक जिना खाली. वर गेलो तर अहिल्या दिसेल, मग प्रश्न येतील, मग आपला धीर सुटेल, असं त्याला वाटलं असावं. तो सरळ जिन्याकडे वळला. आमच्या कुणाच्याही घरात, इथे काय आणि तिकडे काय, बूट घालून आत कुणी येत नाही. उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडतो आणि मग माणूस अनवाणी घरात शिरतं. बूट वाजवत आत येतो तो परका. टीव्ही दुरुस्त करणारा, मीटर बघणारा, किंवा युनिफॉर्मवाला. दोन महिन्यांत खालच्या खोलीत लाकडी जिन्यावरून जी पावलं उतरली होती ती अहिल्येची आणि पोरीची, अनवाणी. त्या दिवशी उतरले ते कार्यक्रमासाठी पॉलिश केलेले काळे बूट. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्याने हाक मारली, काकू, मी उल्हास, भिऊ नका.

हाक मारायला उशीर झाला होता. परसाचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून ऊन आत आलं होतं.

खोलीच्या मध्ये पाट होता. पाटाभोवती रांगोळी, समोर ताट. ताटात सोळा भाज्या नव्हत्या, नऊ होत्या, पण वाढल्या होत्या नीट, डावं-उजवं सांभाळून. पुरणपोळीचा एक तुकडा मोडलेला. वरणभातात बोटं फिरल्याची खूण, तुपाचा ओघळ अजून गोठलेला नव्हता. भरल्या ताटावरून सवाष्ण उठून गेली होती.

अहिल्या वाढण्याचं ताट घेऊन वरून जिन्याने खाली आली. तिने उघडं दार बघितलं, मग नवऱ्याचे बूट बघितले. उल्हास सांगायला लागला की केस मिटली आहे, तिला कुणी शोधत नाही, मी तेच सांगायला आलो होतो. ती ऐकून घेत होती की नाही ते कळत नव्हतं.

"मी तिला सांगितलं होतं, माझा नवरा खाली येत नाही," ती म्हणाली. "तेवढ्या एका गोष्टीवर ती इथे राहिली होती."

त्या दिवशी पाटणकरांच्या घरात कुणी जेवलं नाही. अहिल्या गाडी घेऊन किराणा दुकान, देऊळ, बसथांबा, एडिसनची जुनी गल्ली, सगळीकडे फिरून आली. काकूंकडे फोन नव्हता. हाताशी असलेली पिशवी गेली होती, अंगावरची साडी गेली होती, बाकी सगळं जागेवर होतं.

उल्हासला आता एकच काम उरलं. तुम्हाला कुणी शोधत नाही, एवढं एक वाक्य त्या बाईपर्यंत पोहोचवायचं. पण पोहोचवायचं कुणामार्फत? त्याने रेखाला फोन केला. रेखा म्हणाली, कोण मीनाक्षीकाकू? त्याने शंतनूला विचारलं. शंतनू म्हणाला, काका, खरंच माहीत नाही, आणि इतक्या लगेच म्हणाला की उल्हासला ते खरं वाटेना. कौन्सिलमन एका बाईची चौकशी करतोय, ही बातमी मात्र सगळीकडे पोहोचली. आमच्यातल्या ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या होत्या, तेही आता त्याच्याशी बोलताना वाक्यं मोजून बोलायला लागले. तो सांगायचा, केस मिटली. आम्ही म्हणायचो, हो का, वा. त्याच्यावर अविश्वास होता असं नाही. पण एकदा चुकलं तर भोगावं कुणाला लागणार होतं, ते आम्हाला माहीत होतं.

घरी खालून आवाज येणं थांबलं नव्हतं. खोकला, ओढलेलं पाऊल, दिवेलागणीचं पुटपुटणं. अहिल्या म्हणायची, हीटर आहे. आणि आता थंडी पडली होती, खरोखरच हीटर असू शकला असता. उल्हास मात्र कधीकधी जाळीपाशी खुर्ची ओढून बसायचा. एकदा अहिल्येने ऐकलं, तो हळू आवाजात खाली विचारत होता की जेवण झालं का. आईला तो फोनवर असंच विचारायचा. उत्तर आलं असावं, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, "बरं बरं."

दिवाळीला फराळ गिरीशच्या घरी होता. आम्ही वीसेक जण, जमिनीवर चादरी, मध्ये चिवड्याची परात. अहिल्या मुश्किलीने आली होती. उल्हास कोपऱ्यात, नेमका हवेच्या जाळीजवळ बसला. गिरीशने त्याला दुसरीकडे बसायला सांगितलं, तिथे गार लागेल. तो म्हणाला, ठीक आहे. चकलीवर बोलणं चाललं होतं. मोहन कमी की जास्त. आणि बोलण्यात जरा खंड पडला तेवढ्यात खाली बेसमेंटमध्ये काहीतरी पडलं. वाटी किंवा डबा, स्टीलचं. ते गोल फिरत फिरत थांबलं.

उल्हासने हातातली बशी खाली ठेवली. आमच्या कुणाकडे न बघता, जाळीवर ओणवा होऊन तो मोठ्याने, स्पष्ट मराठीत बोलायला लागला.

"जुलैची ती केस मिटली. ऑगस्टमध्येच मिटली. कुणी कुणाला शोधत नाही."

गिरीशच्या बायकोने, प्रतिमाने, उठून सीडी प्लेअरचा आवाज वाढवला. उल्हासने तेच वाक्य गाण्याच्या वरून पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा त्याने मागे जोडलं की मी बूट घालून आलो, माझं चुकलं. आमच्यातल्या लहान पोरांना हसू यायला लागलं होतं. प्रतिमाने आणखी आवाज वाढवला. मग अहिल्येने येऊन नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि चला म्हणाली.

गाडीत बसल्यावर त्याने तिला विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

"खाली कोण होतं?"

अहिल्या पट्टा लावत होती. "गिरीशकडे मांजर आहे," ती म्हणाली.

गिरीशला मांजराचा केस जरी लागला तरी दमा उठतो. मंडळाच्या पिकनिकला त्याला एकदा इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं, आणि न्यायला उल्हासच गेला होता.

"अच्छा," उल्हास म्हणाला आणि त्याने गाडी काढली.